दुसऱ्या पाण्याचा चहा

दिवाळीच्या सुट्टीत कुठे गेली होतीस असं कोणी विचारलं की मी 'साक्रीकडे' असं सांगते, आणि विचारणारी माझ्याकडे नीट पाहते. मग म्हणते, "तिकडे कोण आहे तुमचं?"

"कोणी नाही. एका आजोबांना चहा पाजायला गेले होते."

मैत्रिणी हसतात. हसण्यासारखं आहेच ते. असोद्याहून भुसावळ, परत असोदा, मग धुळे, साक्री आणि साक्रीच्याही पुढे डोंगराखालचं एक गाव, एवढाच हा प्रवास. पण एकटीने केलेला माझा हा पहिलाच, आणि आजवरचा सर्वांत लांबचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. प्रवासवर्णन कसं लिहितात हे विचारायला घरी कोणी नाही, म्हणून जसं झालं तसंच सांगते. कुठे जास्त लांबलं तर सांभाळून घ्यावं.

भुसावळ

आमच्या मॅडमनी आम्हा चौघींना भुसावळच्या जुन्या दुकानांची माहिती लिहून आणायला सांगितलं होतं. तिघींनी भांड्यांचं दुकान, छापखाना आणि अत्तरवाला असे भराभर वाटून घेतले. मी मागे उभी होते, म्हणून मला चहापत्तीचं दुकान उरलं.

दुकान अरुंद आहे. आत गेलं की दोन्ही बाजूंना पत्र्याचे उंच डबे आणि मध्ये गादीवर रतननाना. वय पंच्याऐंशीच्या आसपास, डोक्यावर टोपी, नाकावर दोऱ्याने बांधलेला चष्मा. पहिल्या दिवशी मी वही उघडून 'आपलं दुकान किती जुनं आहे?' असा ठरवून आणलेला प्रश्न विचारला. ते म्हणाले, "आधी बस. वही नंतर उघड."

तीन दिवस मी जात राहिले. जे कळलं ते असं. इंग्रजांच्या काळात भुसावळ म्हणजे रेल्वेचं मोठं ठाणं. साहेब लोकांना सकाळच्या न्याहारीबरोबर कडक काळा चहा लागायचा. त्याला ते ब्रेकफास्ट टी म्हणत. तो एका मळ्याचा चहा नसतो, मिश्रण असतं. रंगाला आणि जोराला आसामची पत्ती, तरतरी यावी म्हणून सिलोनची, आणि वासापुरती चीनची. नानांच्या वडिलांनी हे मिश्रण एका साहेबाच्या खानसाम्याकडून शिकून घेतलं. पुढे चीनचा माल मिळेना तेव्हा त्यांनी दार्जिलिंगची पत्ती घालून पुन्हा जुळवलं. इंग्रज गेले, त्यांच्या खुर्च्यांवर आपले साहेब बसले, आणि अधिकाऱ्यांच्या क्लबात तोच चहा जात राहिला. गिऱ्हाइकं त्याला नुसतं 'साहेबी' म्हणतात. दुकानाबाहेर पत्र्याची पाटी आहे, 'अस्सल साहेबी चहा'.

मला वाटायचं, एकदा प्रमाण ठरलं की झालं. इतके भाग हे, इतके ते. नाना म्हणाले, "तुमच्या केळीचा घड दर साली सारखाच येतो का?"

"नाही."

"मग पत्ती कशी येईल? दर साली नव्यानं जुळवावं लागतं. असं."

त्यांनी तळहातावर चिमूटभर पत्ती घेतली, तिच्यावर तोंडाची वाफ सोडली आणि हात नाकाशी नेला. मग तसाच खाली घेतला. "हे आता नुसतं सवयीनं करतो," ते म्हणाले.

करोनाच्या तापात नानांचा वास गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून ते जुन्या प्रमाणावर, तराजूवर मिश्रण करत होते. मग एक दिवस एक जुनं गिऱ्हाईक सहज बोलून गेलं, "नाना, पहिल्यासारखा नाही लागत हो." त्या दिवशी नानांनी साहेबीच्या डब्याचं झाकण लावलं. आता कोणी मागितला की ते 'संपलाय' म्हणतात. मी तिथे असताना दोघांना त्यांनी असंच परत पाठवलं. डबा मात्र भरलेला होता, मी पाहिला.

"बाहेर अस्सल लिहिलंय," ते म्हणाले. "अस्सल आहे की नाही हे मलाच ठाऊक नाही. मग ती पाटी कशाला?"

"कोणाला तरी प्यायला द्या ना, नाना. जुन्यातल्या कोणाला."

"पारख असलेले जुने सगळे गेले. एक सुकलाल आहे. तीस वर्षं क्लबात बेरर होता, साहेबांना चहा द्यायचा. तो चहा त्याच्याइतका कोणाला माहीत नाही. आता साक्रीच्या पुढे मुलीकडे असतो. त्यानं हो म्हटलं तर डबा उघडीन. नाही म्हणाला तर पाटी माझ्या हातानं उतरवीन. पण मला काही एवढा प्रवास होत नाही."

मी का बोलले कोण जाणे. "माझी मावशी धुळ्याला असते," एवढंच म्हणाले. नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कुरिअरनं पाठवणार होतो. पण ते लोक चपलांच्या खोक्याशेजारी ठेवतील. चहा वास ओढतो, पोरी. साबण, अगरबत्ती, कांदा, कशाशेजारी ठेवू नकोस. तोंडाला पावडर लावतेस?"

"नाही."

"मग चालशील."

आत चांदीचा कागद आणि बाहेर जाड खाकी कागद, अशी पुडी त्यांनी दोऱ्याने बांधून दिली. परतीच्या बसमध्ये मी ती मांडीवर धरून बसले. दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्यांचा धूर दूर दिसत होता, आणि खिडकीतून तो धूर आत आला तर, म्हणून मी खिडकी लावून घेतली. शेजारची बाई म्हणाली, "एवढं काय हाय त्याच्यात? सोनं हाय का?"

असोदा

घरी पोहोचले तेव्हा आई भरताची वांगी भाजत होती. पुडी कुठे ठेवावी हे मला कळेना. स्वयंपाकघरात नको, न्हाणीपाशी नको, कापसाच्या खोलीत फवारणीच्या बाटल्या. शेवटी माझ्या पुस्तकांच्या कपाटात ठेवली. पुस्तकांना कसला वास येणार असं वाटलं.

बाबांना वाटत होतं त्यांनी सोबत यावं. पण वेचणी चालू होती, माणसं मिळत नव्हती. ते दोनदा म्हणाले, "एकटीच जाशील?" आणि दोन्ही वेळा मी हो म्हणण्याआधीच बाहेर निघून गेले.

दोन दिवसांनी, निघायच्या सकाळी उठून पाहते तो पुडी कपाटात नाही. आईने ती पिशवीत भरून ठेवली होती, पण पुडी म्हणून नव्हे. आता ती स्टीलच्या डब्यात होती. घट्ट झाकणाचा, चकचकीत, आईच्या माहेरचा डबा.

"कागदात कुठी चहा नेते का कोनी? बसमधी फुटला म्हंजे? त्या म्हाताऱ्या मानसाले काय सांगशील मंग?" आई म्हणाली. "माह्या चांगल्या डब्यात भरला. तीन डाव घासला, काल उन्हात पालथा ठेवला होता."

मी झाकण उघडून वास घेतला. मला चहाचाच वास आला. आईने किती विचार केला, असं वाटून मला बरंच वाटलं. खरं सांगायचं तर कागदाच्या पुडीची मलाही काळजी होतीच.

"पोचली की फोन करजो," आईने फाटकातून सांगितलं. "आन मावशीच्या इथी लाजू नको, पोटभर जेवजो."

धुळे

मावशीचं घर देवपुरात. माझ्या आईची ही धाकटी बहीण, पण बोलणं दोघींचं आता वेगळं. लग्न होऊन इकडे आल्यावर मावशीने शहरी बोली उचलली. आईशी फोनवर बोलताना मात्र तिचं 'माह्या-तुह्या' लगेच परत येतं. काका तिला त्यावरून चिडवतात.

जेवायला शेवभाजी होती. आमच्याकडेही तिखट खातात, पण मावशीकडच्या भाजीवर तर्री इतकी की भाकरी बुडवली की लाल होऊनच वर येते. माझ्या कानातून वाफा निघत असताना काका म्हणाले, "अहो, असोद्याच्या पाहुण्यांना केळं द्या एखादं."

मग मावशीचं लक्ष डब्याकडे गेलं. येण्याचं कारण फोनवर सांगितलं होतंच.

"बघू तरी साहेबाचा चहा."

"मावशी, नको ना. उघडा नाही ठेवायचा."

"अगं, पळवून नेते की काय मी? वास घेते नुसता." तिने झाकण काढलं, डोळे मिटून मोठा श्वास घेतला. "आहाहा. छान येतोय गं वास. कसा माहेरचा वाटतोय."

तिच्या या बोलण्यावर मी थांबून विचार करायला हवा होता. पण मला आनंद झाला. मग ती म्हणाली, दोन चमचे टाकते, आमच्याही नशिबात येऊ दे साहेबी. मला नाही म्हणता आलं नाही. मी पाहुणी, ती मावशी. तिने पातेल्यात पाणी, दूध, साखर, ठेचलेलं आलं आणि वरून ती पत्ती घातली, आणि तीन वेळा वर येईपर्यंत उकळलं. काकांनी बशीत ओतून एक घोट घेतला.

"काय म्हणतो साहेब?" मावशीने विचारलं.

"साहेब काही म्हणत नाही. आलंच बोलतंय."

"तरीच इंग्रज गेले," मावशी म्हणाली, आणि स्वतःच्या बरणीतली आणखी एक चमचा पावडर पातेल्यात टाकून तिने तो पुन्हा उकळायला ठेवला.

साक्री आणि पुढे

धुळ्याहून साक्रीपर्यंत रस्ता सुरतेकडे जाणारा मोठा, तिथे सांगण्यासारखं काही घडलं नाही. साक्रीला उतरले तर आठवड्याचा बाजार. आमच्याकडे बाजारात केळी, कापसाची सरकी, मिरच्या. इथे नागली, भगर, उडीद, बांबूच्या टोपल्या, आणि कोंबड्या पाय बांधून ओळीने ठेवलेल्या. बायकांचं बोलणं अहिराणी. आम्ही खानदेशातलेच, तरी मला अर्धं कळत होतं आणि अर्ध्यासाठी मी नुसती मान हलवत होते. एका बाईने मला काहीतरी विचारलं, मी हो म्हणाले, आणि तिने माझ्या हातात मेथीच्या दोन जुड्या दिल्या. त्या मी विकत घेतल्या. परत करायला धीर झाला नाही.

पुढे जीपने जायचं होतं. जीप भरली की निघते, आणि भरणं कशाला म्हणतात ते मला तिथे कळलं. माझ्या एका बाजूला कोंबडी, दुसऱ्या बाजूला सुक्या बोंबलांची टोपली. मी डबा ओढणीत गुंडाळून पोटाशी धरला आणि तासभर तशीच बसले. हा डबा इथवर नीट आणला, आता बोंबील माझा घात करणार, असं वाटत होतं. घात आधीच झालेला होता, ते तेव्हा माहीत नव्हतं.

सुकलालआबा राहतात ते घर रस्त्यालगतच. मागे डोंगर, अंगणात उडीद वाळत घातलेले. त्यांची मुलगी कमलअक्का दारातच होती. नानांनी तिला फोन केला होता.

"तूच का ती च्यावाली पोर? ये, बस. आबा मळामा शेत, येतीनच आते." आबा मळ्यात आहेत, येतीलच, एवढं मला कळलं. मग माझ्या हाताकडे पाहून ती म्हणाली, "मेथी कशाले लयनी व?"

मी मेथी तिला देऊन टाकली. पाहुणी आली आणि भाजी घेऊन आली, असं म्हणून ती खूप हसली.

सुकलालआबा आले. उंच, वाळकुडे, पाठ सरळ. पाय धुऊन त्यांनी टॉवेल घेतला, तोंड पुसलं, आणि मग तो घडी करून डाव्या हातावर टाकला. तो तिथे शेवटपर्यंत तसाच होता. आबा मुलीशी अहिराणी बोलत, माझ्याशी मात्र भुसावळच्या शहरी मराठीत.

"नाना कसा आहे?"

"बरे आहेत. पण वास येत नाही त्यांना."

"सांगितलं त्यानं फोनवर. लहान पोरासारखा रडत होता." त्यांनी डबा माझ्या हातून घेतला, झाकण काढलं, पण नाक लगेच पत्तीकडे नेलं नाही. आधी झाकणाच्या आतल्या बाजूचा वास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं.

"हा डबा कोणाचा?"

"आईचा."

"यात आधी काय असायचं?"

मी 'काही नाही, धुतलेला आहे' म्हणायला तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं. त्या डब्यात माझ्या जन्माआधीपासून आईचा काळा मसाला असायचा. वर्षाचा मसाला कुटला की याच डब्यात. आई तो तीनदा काय, तीस वेळा घासेल, त्याने काय होणार? आम्हाला वास आला नाही, कारण आमच्या घराला, कपड्यांना, आमच्या अंगालाच तो वास आहे. मावशीलाही म्हणूनच माहेर आठवलं होतं.

कमलअक्काने डबा ओढून घेतला. "अय्या बाई! बठ्ठा मसालाना वास! आबा, हाऊ तर वांगानी भाजीमा टाकाना च्या शे!"

तिला वाईट बोलायचं नव्हतं. पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला नानांची पाटी दिसत होती. आईने मायेने केलेल्या एका गोष्टीपायी एक माणूस स्टुलावर चढून आपल्या वडिलांची पाटी उतरवणार, आणि चहा कदाचित चांगला असूनही. एक वाईट विचारही आला, तो लिहिते. आबा काही बोलोत, आपण नानांना सांगावं की हो म्हणाले. कोणाला कळणार आहे?

"आबा, चवीवरून नाही का सांगता येणार?" मी विचारलं. "थोडा मसाला लागेल, पण तुम्ही इतकी वर्षं..."

आबा डब्याकडे पाहत राहिले. "किटलीचं झाकण उचललं की वासावर कळायचं मला. नानाच्या बापानं नवी पेटी फोडली तर त्याच दिवशी कळायचं. चव..." ते थांबले. "चव मला कुठं माहीत आहे?"

मला समजलं नाही.

"तीस वर्षं दिला मी तो. प्यालो नाही."

"मनाई होती?"

"तसं कोणी लिहून लावलं नव्हतं. पण कोणी कधी घे असं म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही. साहेबांचं झालं की किटली मागं यायची. आत चोथा असायचा, चांगल्या जाड पानांचा. तो आम्ही पातेल्यात ओतायचो. पाणी, गूळ, शेळीचं नाहीतर मिळेल ते दूध, आणि उकळ उकळ उकळायचा. तो आमचा चहा. पहिलं पाणी त्यांचं, दुसरं आमचं."

ते हे अगदी सहज बोलत होते. अंगणातले उडीद अर्धे वाळलेत, अशा आवाजात. आणि नाना तर म्हणाले होते की आबांइतका तो चहा कोणाला माहीत नाही.

मध्ये बोलली ती कमलअक्का. ती चुलीपाशी मेथी निवडत होती. "मंग पहिलं पानी काढी टाका ना, आबा. मसालाना वास तेनासंगे जाई. चोथा तर तुम्ले वळखू येस ना?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग ते उठले.

त्यांनी स्वतः चहा केला. घरात चिनी मातीची किटली नव्हती, झाकणाचा एक लोटा होता. तो आधी गरम पाण्याने विसळून तापवला. पत्ती घातली. पाण्याला उकळी फुटली तसं वरून ओतलं, झाकण लावलं आणि त्यावर कमलअक्काचा जुना स्वेटर टोपीसारखा बसवला. मग हात मागे बांधून उभे राहिले. घड्याळ नव्हतं. त्यांच्या ओठांवरून वाटलं, ते मनात मोजत असावेत. नंतर कपात गाळला. रंग लालसर, तांब्याच्या नव्या भांड्यासारखा.

"हे टाकायचं," आबा म्हणाले.

"नका टाकू," मी म्हणाले. "आज पहिलं पाणी तुम्ही घ्या."

ते हसले, नको म्हणाले. मी कप त्यांच्यासमोर धरून उभी राहिले. शेवटी कमलअक्का म्हणाली, "ल्या ना आबा. पोरना हात भाजी राह्यना."

आबांनी कप घेतला. उभ्या उभ्याच एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो.

"कडू," ते म्हणाले. "आणि मसाल्याचा." थोडं थांबून पुन्हा एक घोट घेतला. "एवढ्यासाठी तो साहेब इतका बोंबलायचा होय? थंड झाला म्हणून किटली परत, पातळ झाला म्हणून किटली परत. या काढ्यासाठी?"

कमलअक्का हसता हसता मेथीवर वाकली. मीही हसले. आबांनी मात्र कप खाली ठेवला नाही. वाईट तोंड करत करत, सगळा संपवला.

मग लोट्यातला चोथा पातेल्यात पडला. गूळ, पाणी, शेळीचं दूध घरचंच. आता आबांचे हात वेगळे चालत होते, भराभर, ओगराळ्याने वर उचलून ओतत. उकळी वर आली की फुंकर, पुन्हा वर आली की पुन्हा फुंकर. स्टीलच्या पेल्यात घेऊन ते उंबरठ्यावर बसले, पाय पसरून. पहिला घोट मोठा, आवाज करत.

मग दुसरा घोट घेतला. टॉवेल अजून हातावर होता, त्याने त्यांनी डोळे टिपले. वाफेने असेल.

"हाऊच शे," ते म्हणाले. माझ्याशी बोलताना पहिल्यांदाच अहिराणीत. हाच तो, असं. "हाऊच शे तो."

निघताना मी विचारलं, नानांना काय सांगू? त्यांनी हातावरचा टॉवेल नीट केला. मग साक्षीला उभं राहिल्यासारखे म्हणाले, "सांग, पहिल्या पाण्याचं मला कळत नाही. दुसऱ्या पाण्याची ग्वाही मी देतो."

पुन्हा भुसावळ

घरी आल्यावर आईने विचारलं, "डबा कामी आला ना?" मी आला म्हणाले. ते खोटं नव्हतं.

नानांना मात्र सगळं सांगितलं. मसाल्याचं आधी, कारण ते सांगायची मला जास्त भीती होती. ते म्हणाले, "आईला काही बोललीस का?"

"नाही."

"बोलू नकोस."

मग चोथ्याचं सांगितलं, आणि आबांचा निरोप, शब्दाला शब्द. नाना कितीतरी वेळ तराजूचं पारडं बोटाने हलवत राहिले. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं. ज्याच्या जिभेवर सगळा भरवसा ठेवला, त्याने तो चहा कधी घेतलाच नव्हता.

"तरुणपणी पेटी मीच पोचवायचो," ते म्हणाले. "क्लबाच्या मागच्या दारी. सुकलाल मला आत बसवून चहा द्यायचा. तसा चहा मी जन्मात प्यालो नाही. दुकानात गूळ-दूध घालून किती वेळा करून पाहिला, बापानंही केला, पण ती चव नाही आली. मला वाटायचं, साहेबाच्या किटलीचा गुण असेल. आपल्याकडे ती किटली नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तो चोथ्याचा होता?"

मी मान डोलावली.

नाना हसायला लागले. इतके, की ठसका लागला आणि मला उठून पाणी द्यावं लागलं. टोपी गादीवर पडली. "साठ वर्षं," ते पाणी पीत म्हणाले, "साठ वर्षं मी किटलीला दोष देत बसलो!"

एवढ्यात एक निवृत्त शिक्षिका पायरी चढून आल्या. मागच्या वेळी मी असतानाच नानांनी त्यांना परत पाठवलं होतं. त्यांनी विचारायचं म्हणून विचारलं, "साहेबी आला का हो, नाना?"

नानांनी टोपी उचलून डोक्यावर घातली. उंचावरचा डबा काढायला मला सांगितलं. झाकण बरंच घट्ट बसलं होतं, ते दोघांनी मिळून उघडलं. नानांनी पाव किलो तोलला, खाकी कागदात बांधला, दोऱ्याची गाठ मारली, आणि पुडी बाईंच्या हातात देताना सोडली नाही.

"पहिलं पाणी पाहुण्यांना द्या, बाई," ते म्हणाले. "आणि पाहुणे गेले की गूळ घालून दुसरं करा. चोथा फेकू नका."